गाडी डावीकडे ओढते

"मावशी, झाड! झाड!"

मागून वल्लरी ओरडली तेव्हा सत्यशीलाचा पाय ब्रेकवर होता आणि दोन्ही हात स्टिअरिंग उजवीकडे खेचत होते. तरी शाळेची व्हॅन डावीकडेच गेली, फूटपाथवर एक चाक चढवून झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर थांबली. दप्तरं एकमेकांवर आदळली. कुणाची तरी पाण्याची बाटली घरंगळत तिच्या पायाशी आली.

"लागलं का रे कुणाला? पटकन सांगा!"

कुणालाच लागलं नव्हतं. पहिलीतला एक मुलगा घाबरून रडत होता, तेवढंच. सत्यशीलाने खाली उतरून एकेकाचं डोकं, कोपर, गुडघा चाचपला. मग मुलांना सावलीत बसवलं आणि प्रत्येकाच्या घरी फोन लावला. "येऊन घेऊन जा. या गाडीत मी त्यांना आता बसवणार नाही." फोन झाल्यावर तिने व्हॅनच्या पत्र्यावर अशी थाप मारली की रडणारा मुलगा रडायचाच थांबला.

महिनाभर हेच चाललं होतं. सरळ रस्त्यावर हात जरा सैल सोडला की गाडी डावीकडे ओढायची. ब्रेक मारला की जास्तच. दिवसभर तिला उजवीकडे धरून धरून सत्यशीलाचा खांदा ठणकायचा. तिने चाकांतली हवा तपासली. पुढची दोन्ही चाकं आपसात बदलून पाहिली. टायरमध्ये दोष असता तर गाडी उजवीकडे ओढायला लागली असती, पण ती डावीकडेच जात राहिली. चाकांचा कोन जुळवून देणाऱ्या अलाइनमेंटवाल्याने यंत्राच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "मशीनवर ओके आहे, ताई. तुमच्या हाताची सवय असेल. लेडीज लोक जरा कडेकडेनंच चालवतात."

घरी नवरा, उत्तरेश्वर, तोही हेच म्हणाला. "गाडीला काही झालं नाही, सत्या. तुझाच हात डावीकडं जातोय. थकतीस तू." आणि तिच्या खांद्याला मलम चोळून दिलं.

इतक्या जणांनी सांगितल्यावर तिलाही खरं वाटायला लागलं होतं. मुलांना सोडल्यावर रिकामी गाडी चालवताना ती रस्त्याऐवजी स्वतःच्या हातांकडेच बघत बसायची. दहा वर्षं सिंहगड रस्त्यावर शाळेची मुलं नेणारी बाई, तिचा हात असा अचानक वाकडा कसा जाईल?

वल्लरीची आई सुरुची स्कूटरवरून आली. तिने आधी मुलीला जवळ घेतलं, मग झाडाकडे बघितलं, मग सत्यशीलाकडे.

"अहो सत्यशीलाबाई, आपलं शाळेपर्यंत ठरलं होतं. झाडापर्यंत नाही."

"गाडीत काहीतरी दोष आहे, मॅडम."

"गाडीत आहे की चालवणाऱ्यात, ते एकदा ठरवून घ्या. तोवर वल्लरीला मी सोडीन."

शेवटचं मूल गेल्यावर सत्यशीला पहिल्या गिअरमध्ये, कडेकडेने, धायरीला संपतच्या गॅरेजपर्यंत गेली.

"अलाइनमेंट झालीय ना पण तुमची?" संपत म्हणाला.

"मशीनचं मला सांगू नका, संपतभाऊ. चाक खोला. मी इथंच उभी आहे."

संपतने दोन्ही चाकांना हात लावून पाहिला. सारखीच कोमट होती, म्हणजे एका बाजूचा ब्रेक चिकटत नव्हता. मग त्याने जॅक लावला, डावं चाक काढलं आणि टॉर्च घेऊन आत वाकला.

"ताई, गाडी कुठं ठोकली होती?"

"कुठंच नाही."

"मग हे काय?"

चाकाला खालून धरून ठेवणारा लोखंडी आर्म त्याने बोटाने खरवडला. काळा रंग पापुद्र्यासारखा निघाला. "हा वाकला होता. कुणीतरी तापवून, घण घालून सरळ केलाय आणि वर रंग फासलाय. असा वाकला की नवाच टाकतात. अलाइनमेंटवाल्यानं वरवर जुळवून दिलं, पण ब्रेकचा जोर आला की चाक जागा सोडतंय."

"तुटला असता?"

संपतने टॉर्च बंद केला. "पोरं असतात ना तुमच्या गाडीत?" एवढंच तो म्हणाला.

गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात गेलीच नव्हती. फक्त एकदा. महिन्यापूर्वी, गणपती झाल्यावरच्या रविवारी उत्तरेश्वर हिंजवडीतल्या कंपनीतल्या सोबतच्या सिक्युरिटीवाल्यांना घेऊन खडकवासल्याला गेला होता. यायला उशीर झाला, पण येताना गाडी धुऊन आणली होती. आयुष्यात पहिल्यांदा. त्या कौतुकात सत्यशीलाने त्याला गरम गरम भजी तळून दिली होती.

संपतने नवा आर्म बसवला. जुना तिने वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेला.

उत्तरेश्वर दुसऱ्या पाळीला निघायच्या आधी जेवायला बसला होता. तिने तो आर्म त्याच्या ताटाशेजारी ठेवला. कागद बाजूला झाला. उत्तरेश्वरने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हे काय आहे, असं त्याने विचारलं नाही. सत्यशीला तेवढ्याचीच वाट बघत होती.

"कुठं धडकवली?"

"अगं, जरासंच..."

"कुठं?"

"धरणाच्या अलीकडं. डिव्हायडरला घासली. तू चिडशील म्हणून तिथंच एकाकडून..."

"पिऊन होतात?"

त्याचा घास हातातच राहिला.

"लोकांची पोरं बसत होती त्यात. आणि तुम्ही माझा हात वाकडा म्हणत होता? खांदा चोळत होता माझा? चोळताना काय येत होतं हो मनात?"

"आता झालं का काही? नाही ना झालं?"

त्या वाक्याने तिच्या डोक्यात आगच झाली. तिने त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि भाजी-भाकरीसकट मोरीत नेऊन ठेवलं.

"मला वाटलं, मला काहीतरी रोग झाला," ती तिथूनच म्हणाली. "रात्र रात्र मुठी आवळून बघत होते मी."

उत्तरेश्वर हात धुवायला उठला नाही. तसाच उष्ट्या हाताने बसून राहिला. तिने फोन हातात घेतला तेव्हा मात्र घाईने म्हणाला, "पालकांना टायर खराब होता म्हणून सांग. कुणाला काय कळतंय!"

पालकांच्या ग्रुपवर तिने त्याच्यासमोर उभं राहून बोलून निरोप धाडला. "नमस्कार. माझ्या नवऱ्यानं गाडी धडकवली होती आणि मला सांगितलं नव्हतं. त्यामुळं आज तसं झालं. पण चालवत मी होते. वेळेत खोलून बघायला हवी होती, ते मी केलं नाही. आता दुरुस्त झालीय. ज्यांना मूल पाठवायचं नसेल त्यांनी खुशाल सांगा."

काहींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. तिघांनी मुलं काढून घेतली. सुरुचीने फोन केला. "खरं सांगितलंत, बरं केलंत. पण वल्लरीला आता नाही पाठवणार मी." सुरुचीचं चुकत नव्हतं. तिच्यावर चिडताही येईना, म्हणून सत्यशीला जास्तच चिडली.

पुढच्या रविवारी उरुळीला भाच्याचा साखरपुडा होता. उत्तरेश्वर इस्त्रीचा शर्ट घालून खिळ्यावर किल्ली शोधत होता. किल्ली सत्यशीलाच्या हातात होती. ती खाली जाऊन गाडीत बसलीही होती. तो आला आणि तिच्या शेजारचं दार उघडू लागला.

"मागं," ती म्हणाली.

"अगं, लोक बघतील."

तिने गाडी सुरू केली.

मागे मुलांसाठी बसवलेला बुटका बाक होता. उत्तरेश्वर वाकून आत शिरला, गुडघे छातीशी घेऊन त्यावर बसला आणि स्वतःच हात लांब करून दार ओढून घेतलं. दार नीट लागलं नाही. सत्यशीला खाली उतरली, मुलांचं लावायची तसं ते जोरात लावलं, कडी ओढून पाहिली, आणि पुन्हा येऊन स्टिअरिंगवर बसली.