दोनशेपैकी तीन

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसात खोटं वायफाय आहे. कॉम्प्युटरच्या पोटात वायरलेस कार्डं असल्याची बतावणी करणारा एक ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्राम. एक खोटं कार्ड राउटर होतं, दुसरं आमचं यंत्र. हे यंत्र आरोग्य उपकेंद्रातल्या लसींच्या फ्रिजला लावतात. फ्रिज तापला की डॉक्टरांच्या मोबाइलवर इशारा जातो. लाइट जाऊन आली की यंत्रानं आपलं आपण नेटवर्क शोधायचं. ते शोधतं का, हे तपासायचं काम माझं.

मार्चमध्ये मी खोटा राउटर दोनशे वेळा बंद-चालू केला. तीन वेळा यंत्राला नेटवर्क सापडलं नाही. राउटर सुरू व्हायला जरा उशीर झाला की ते शोधणं सोडून द्यायचं, आणि वर हिरवा दिवा लावून बसायचं, निलाजरं!

"खोट्या वायफायवरची चूक ती," आमचे टीमप्रमुख शिवशंकर सर म्हणाले. "खरं हार्डवेअर असं वागत नाही. फेल झाली तर चाचणी परत चालव, अशी ओळ कोडमध्ये टाक. उद्या माल द्यायचाय."

मी भांडले, चडफडले. आणि ओळ टाकली. दोनशेपैकी दोनशे पास.

काल सकाळी रिसेप्शनवर पारूबाई, माझी मावशी, पैठणहून एसटीनं येऊन बसलेली. तिकडच्याच एका उपकेंद्रात ती कंत्राटी परिचर आहे. हातात नोटीस. रविवारी लाइट जाऊन आली, फ्रिज काही सुरू झाला नाही, इशारा गेला नाही, सगळ्या लसी वाया. यंत्र परिचरानं बंद केलं असावं, असा ठपका. खुलासा पटला नाही तर कामावरून कमी. सोबत आमच्या कंपनीचं पत्र: यंत्रात दोष नाही, दोनशेपैकी दोनशे चाचण्या पास. खाली सरांची सही.

"निशे, म्या त्याला हात बी लावला नाय गं," मावशी म्हणाली. "हिरवा दिवा जळत व्हता. वर तुमच्याच कंपनीचं नाव हाय, म्हणून आले."

माझं डोकंच फिरलं. नोटीस मी सरांच्या टेबलावर आपटली. "पत्र मागं घ्या."

"अगं, या बायकांना काय कळतं? दाबलं असेल कुठलं तरी बटण."

मावशी दारात उभी होती. तिच्यासमोर म्हणाले!

मी तिला हाताला धरून माझ्या खुर्चीत बसवलं. ती ओळ पुसली, चाचणी लावली. सर मागं उभे राहून घड्याळ बघत होते. त्रेसष्टाव्या फेरीला स्क्रीन लाल झाली.

"हे बाहेर जाणार नाही," सर म्हणाले.

"जाणार! मार्चच्या नोंदीसकट जाणार!"

"कोडच्या नोंदीत त्या ओळीपुढं नाव कुणाचंय, ते बघ आधी."

नाव माझं होतं. सरांवरचा राग तसाच होता, पण आता तो माझ्याही अंगावर आला. मी दोन्ही नोंदी छापल्या, खाली सही केली आणि कागद मावशीला दिले. "तुमच्या साहेबांना दाखव. तुझ्यावर काही येणार नाही."

मावशी सातवी शिकलेली. तिनं तारखेवर बोट ठेवलं.

"मार्चपासून ठावं व्हतं तुला?"

"व्हय."

कागदांची घडी करून तिनं पिशवीत ठेवली. पिशवीत माझ्यासाठी आणलेली धपाटी फडक्यात बांधलेली दिसत होती. ती तशीच घेऊन मावशी स्टँडकडे निघून गेली.