जादूगारणीच्या घरचं सरबत

पुरुषांच्या खोलीत कुराणातली फातिहा वाचून झाली आणि वधूच्या आईने, इन्शिराहने, गुलाबाच्या सरबताचं तबक बायकांच्या खोलीत आणलं. आता वरमाईने पेल्याला ओठ लावले की सोयरीक पक्की. कैरोच्या त्या गल्लीत कागदापेक्षा सरबतावर लोकांचा विश्वास जास्त होता.

नवरदेव हातिमची आई तहियात पेल्याकडे नुसती पाहत राहिली.

"मला साखर आहे हो," ती म्हणाली. घरून आणलेल्या, पाकात भिजलेल्या बसबूसाच्या दोन वड्या तिने नुकत्याच संपवल्या होत्या.

इन्शिराहला समजायचं ते समजलं. वीस वर्षं तिने दाया, मोलकरणी, शेजारणी अशा दोन-दोन वाक्यांच्या भूमिका केल्या होत्या. रस्त्यात कुणी मान वळवून पाहिलं नव्हतं. यंदाच्या रमजानात टीव्ही मालिकेत पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली, जादूगारणीची. तीस संध्याकाळी, इफ्तारच्या ताटांवरून, सारं शहर तिला सरबतात भस्म कालवताना पाहत होतं. ईदनंतर भाजीवाला तिने हाताळलेले टोमॅटो बाजूला काढून ठेवू लागला.

"हे बघा, मीच आधी पिते." तिने तहियातच्या पेल्यातून घोट घेतला.

"मालिकेतही तुम्हीच आधी प्यायचात. तुम्हाला कुठे काय झालं?"

कोपऱ्यात रीहाम ओढणीचं टोक पिळत होती. दोन वर्षं ती या दुपारची वाट पाहत होती. लेकीचा उतरलेला चेहरा इन्शिराहला पाहवेना.

"जरा स्वयंपाकघर दाखवता का?" तहियात अचानक उठली.

आत जाताच तिचा आवाज खाली आला. "हातिमचा बाप सात महिने दुसरीच्या घरी राहतोय. आज पाहुण्यासारखा आलाय, पाहुण्यासारखाच जाईल. त्याला परत आणा. मग तळाशी थेंब ठेवणार नाही मी."

"अहो बाई, नाटक होतं ते! मंत्र लिहिलेलाच नव्हता. मी आपली घरापासून स्टुडिओपर्यंतचे बसथांबे पुटपुटायचे."

"तुम्ही सगळ्याजणी असंच म्हणता." तहियातने पिशवीतून नवऱ्याचा न धुतलेला रुमाल काढला. तो तिने घरून निघतानाच बरोबर घेतला होता.

इन्शिराहने ते मळकं कापड हातात घेतलं. मग तिने निखाऱ्यावर लोबान टाकला, डोळे मिटले आणि घशाच्या तळातून तो आवाज काढला, ज्यासाठी शहराने तिला ओळखलं आणि टाकलं होतं. जुना पूल, गिरणी, दवाखाना, मशिदीचं वळण. प्रत्येक थांब्याला रुमालाला एक गाठ. तहियात हुंदके देऊन रडू लागली. आयुष्यात इतका तन्मय प्रेक्षक इन्शिराहला लाभला नव्हता.

बाहेर येताच तहियातने पेला एका दमात रिकामा केला. बायकांनी आनंदाची किलकारी दिली.

इन्शिराहने तबकातला दुसरा पेला लेकीपुढे धरला. रीहामने तो घेतला नाही. स्वयंपाकघराचं दार पुरतं लागत नसे, हे त्या मायलेकींनाच ठाऊक होतं.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "हातिमलासुद्धा माझ्यासाठी तूच…?"

"बसथांबे होते गं ते," इन्शिराह म्हणाली. पण किलकाऱ्यांमध्ये तिचे नुसते ओठ पुटपुटताना दिसले. रीहाम दचकून एक पाऊल मागे सरली.