एल आणि व्हीमधली फट

भागीरथेचं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न हे आमच्या घरात देवाचं नाव न घेता लागलेलं पहिलं लग्न. धम्म घेऊन आम्हाला सहा-सात महिने झाले होते. म्हणजे ते १९५७ साल, वैशाख. मांडव सोडून मी कामावर परतलो, तर कचेरीच्या भिंतीवर कागद लागला होता : ट्रेसरची एक जागा भरणे आहे.

मी त्या बांधकाम कचेरीत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, होतो. मोजणीची साखळी ओढायची, नकाशांच्या निळ्या प्रती उन्हात धरायच्या, टाकीत धुवायच्या, दोरीवर वाळत घालायच्या. वय एकतीस. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी पगाराला अंगठा लावत होतो. मराठी अक्षरं वस्तीतल्या मास्तरांकडून रविवारी रविवारी शिकलो. इंग्रजी मोठी अक्षरं मात्र मी त्या धुतलेल्या प्रतींवरूनच उचलली. वाचता यायच्या आधी मला ती काढता येत होती.

ट्रेसर म्हणजे पेन्सिलीचा नकाशा पारदर्शक कापडावर शाईने उतरवणारा आणि त्यावरची अक्षरं हाताने लिहिणारा. त्याला खुर्ची असते. त्याचे हात पाण्याने कुजत नाहीत. त्या वर्षी मला त्या जागेहून जास्त काही नको होतं.

आमचा हेड ड्राफ्ट्समन भैयाजी. इतकं वाईट अक्षर आणि त्या अक्षराचा इतका गर्व मी नंतर चाळीस वर्षांत पाहिला नाही. त्याच्या प्रत्येक एसला शेपूट, प्रत्येक आरचा पाय नाचायला निघालेला, आडव्या रेघेच्या टोकाला शाईचा फुगा. कामावरचे गवंडी प्रत पाहून विचारत, ही भिंत आहे का भिंतीची मिशी? नकाशावरचं अक्षर सजायला नसतं. चिखलात उभ्या असलेल्या माणसाला ते एका नजरेत कळावं लागतं. एवढी साधी गोष्ट त्या माणसाला वीस वर्षांच्या नोकरीत समजली नव्हती.

अक्षराआधी दोन फिक्या रेघा आखायच्या, म्हणजे सगळ्यांची उंची एक राहते. भैयाजी त्या आखत नसे. "रेघ आखते तो शिकाऊ," असं तो पान चघळत म्हणे, आणि त्याची ओळ बैल मुतल्यासारखी वरखाली जाई. उभी रेघ वरून खाली ओढायची, आडवी डावीकडून उजवीकडे, गोल अक्षर दोन अर्धुकांत, दोन्ही वेळा वरून खाली. पेन्सिल बोटांत फिरवत राहायची, म्हणजे टोक एका बाजूने झिजत नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. बिघडलेल्या प्रतींच्या पाठीवर घासून घासून मला ते कळलं.

मी अर्ज दिला तेव्हा भैयाजी मोठ्याने हसला. "काय बे लहान्या, टाकीतला बेडूक खुर्चीवर बसते काय? अक्षर हाडात राह्यते. तुह्या हाडात काय हाये ते मले माहीत हाये."

दुसरा उमेदवार ताराचंद, भैयाजीचा साळा. मॅट्रिक. भैयाजीची सगळी शेपटं त्याने घोकून पाठ केली होती.

माझ्या अक्षरातही एक दोष होता आणि तो मला सापडत नव्हता. एकेक अक्षर सुरेख, पण शब्द फाटका दिसे. मी दोन अक्षरांमधली जागा पट्टीने मोजून सारखी ठेवत होतो. तरीही पुलियाच्या, म्हणजे रस्त्याखालच्या छोट्या पुलाच्या, नकाशावर 'कल्व्हर्ट' लिहिलं की एल आणि व्ही भांडून दूर बसल्यासारखे दिसत.

त्या जागेसाठी अक्षराची परीक्षा होती; तिच्या आठवडाभर आधी मला वडनेरच्या रस्त्यावर पाठवलं. तिथे पुलियाचं काम चाललं होतं आणि जंगू मिस्त्रीला प्रत पोचवायची होती. जंगू गोंड, पन्नाशीचा, हाताने दगड बोलका करणारा माणूस. माझ्या खिशातला सरावाचा कागद त्याने ओढून घेतला.

"हे काय होय?"

"अक्षरं. तुले नाई समजत जंगूभाऊ, दे इकडे."

"अक्षर नाई समजत. पण इथं भोक हाये," तो म्हणाला, आणि चुन्याने भरलेलं बोट नेमकं एल आणि व्हीच्या मध्ये टेकवलं. "एवढ्यातून उंदीर जाते."

"मोजून ठेवलं हाये, सगळीकडे सारखं."

"दगड मोजून लावतं काय कोणी, लेका?" त्याने मला भिंतीपाशी नेलं. "हे दोन सरळ तोंडाचे, याइले जागा जास्त लागते. हे दोन गोल पोटाचे, जवळ घे. आन हा तिरपा, याच्या बगलेत दुसऱ्याले घुसव. डोळे अर्धे मिट. आता पाह्य. भिंत एकसारखी करडी दिसली पाह्यजे. काळं दिसलं तं दाटी हाये, पांढरं दिसलं तं भोक."

मी डोळे अर्धे मिटले. मग माझ्या कागदाकडे पाहिलं. दोन वर्षं मला न दिसलेली गोष्ट तिथे होती. पुढचे सहा दिवस मी पट्टी हातात घेतली नाही.

परीक्षा घ्यायला जिल्ह्याहून साहेब आले. दोघांनी त्याच पुलियाचं शीर्षक आणि टिपा लिहिल्या. साहेबांनी दोन्ही कापडं भिंतीला टाचली, दहा पावलं मागे गेले आणि डोळे अर्धे मिटले. तेव्हाच मला कळलं की जागा माझी झाली. ताराचंदच्या कापडाबद्दल ते एवढंच म्हणाले, "हे लग्नपत्रिकेसाठी ठेवा."

मग त्यांनी माझा अर्ज पुढे ओढला. त्यात एक रकाना रिकामा होता : कोणाच्या हाताखाली शिकले.

"कुणी शिकवलं रे तुला?"

भैयाजी माझ्या आधी बोलला. "माह्याच हाताखाली, साहेब. दोन वर्षं घासला याले, तेव्हा कुठं हा हात बसला."

साहेब माझ्याकडे पाहत होते. ओसरीत, दारापासून तीन हातांवर, जंगू मिस्त्री नवी प्रत न्यायला आला होता आणि गुडघ्यावर हात टेकून बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. रुजू होण्याच्या कागदावर भैयाजीची सही लागणार होती, हे मला माहीत होतं. एक नाव घ्यायचं होतं. दोन अक्षरांचं नाव.

मी म्हणालो, "हो साहेब. भैयाजींनीच."

भैयाजीने तो रकाना मलाच भरायला लावला. मी दोन रेघा आखल्या आणि त्याचं नाव लिहिलं, अंतर डोळ्याने धरून, एकही भोक न ठेवता. माझ्या हातून तोवर उतरलेली ती सगळ्यांत चांगली अक्षरं होती.

मी बाहेर आलो तर जंगू उठून प्रत गुंडाळत होता.

"दोन वर्षं घासला तुले?" तो म्हणाला. "भांडं होतास काय बे?"

मी हसण्याचा प्रयत्न केला. तो हसला नाही. प्रत काखेत मारून वडनेरच्या रस्त्याला लागला.

भैयाजीबद्दल मला आजही तिरस्कार वाटतो, आणि तो मी कमी करणार नाही. पण तो निदान आपल्या फुशारकीसाठी खोटं बोलला. मी खुर्चीसाठी बोललो, आणि ज्याचं देणं होतं तो ऐकत असताना बोललो. पुढे साहेब चार वेळा कचेरीत आले. चारही वेळा मी उभा राहून नमस्कार केला आणि खाली बसलो. जंगूच्या कामावर प्रत पोचवायला मी आता दुसऱ्या खलाशाला पाठवत होतो.

तिसऱ्या वर्षी मी एकदा ठरवून समुद्रपूरला गेलो. तिथे तो रपट्याचं, ओढ्यावरच्या बुटक्या पुलाचं, काम करतो असं ऐकलं होतं. त्याची बायको रुखमा भेटली. तिने मला ओळखलं नाही. मी कोण म्हणून तिने विचारलं, तर मी कचेरीतला ट्रेसर असं सांगितलं. जंगू मिस्त्री मी जाण्याच्या आदल्या महिन्यात, १९६० च्या फाल्गुनात, तापाने वारला होता.