बर्फाची बादली

दोन्ही संघांची अमेरिकन फुटबॉलच्या या सामन्याला यायची लायकी जेमतेमच होती, आणि श्रीव्हपोर्टच्या त्या अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. वेस्ट ओझार्क विद्यापीठाने हंगामाची सुरुवात सलग सहा विजयांनी केली. मग पास टाकणाऱ्या त्यांच्या मुख्य खेळाडूचा, क्वार्टरबॅकचा, खांदा निखळला आणि पुढचे सहाही सामने हरले. बेल्टन रिजचं नेमकं उलटं. ऑक्टोबर संपताना त्यांचे दोन विजय आणि सहा पराभव होते. मुख्य कोचला हाकलून दिलं, म्हातारे ऑडी रेनफ्रो तात्पुरते म्हणून उभे राहिले, आणि पोरांनी उरलेले चारही सामने जिंकले. सहा विजय झाले की बाउलचं, म्हणजे हंगामानंतरच्या खास सामन्याचं, आमंत्रण येतं. यांना आलं ते गवत कापायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या बाउलचं, आणि प्रत्येक खेळाडूला भेट म्हणून एक टोपी. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. ब्रॅन्सन टॉलिव्हरला त्या दुपारी जगात दुसरा सामनाच नव्हता.

ब्रॅन्सन बावीस वर्षांचा, बेल्टन रिजमध्ये शेवटच्या वर्षाला, आडदांड. नोव्हेंबरात गुडघा गेल्यामुळे पायाला पट्टा बांधून तो मैदानाच्या कडेला उभा होता. आपला खेळ संपला हे त्याने मुकाट्याने गिळलं होतं. त्याचा सगळा जीव अडकला होता तो रेनफ्रोंमध्ये. सत्तावीस वर्षं, अकरा कॉलेजं, आणि कायम दुसऱ्याच्या हाताखाली! दुसऱ्या वर्षी ब्रॅन्सन सगळं सोडून मावशीच्या घरी पळून गेला होता, तेव्हा हाच माणूस पाच तास गाडी चालवत आला, तिच्या स्वयंपाकघरात बसून घेवडा आणि मक्याचा पाव जेवला, आणि एकही उपदेश न करता त्याला परत घेऊन गेला. ब्रॅन्सनला बाप असा कधी लाभला नव्हता. जो लाभला तो हा.

गुरुवारी न्याहारीला रेनफ्रोंनी त्यालाच आधी सांगितलं होतं. "पिटमन बाई म्हणाल्या, जिंकलात तर संघ कायमचा तुमचा. हरलात तर बाहेरचा माणूस आणीन."

"जिंकूच, कोच."

"माझं वय एकसष्ट आहे, पोरा. यानंतर मला कुणी विचारणार नाही."

क्रीडा विभागाच्या प्रमुख कॅरल पिटमन या वरच्या काचेच्या खोलीत बसल्या होत्या. ब्रॅन्सनची मान दर दोन मिनिटांनी तिकडे वळत होती.

सामना रडतखडत चालला. शेवटी बेल्टन रिज चोवीस, वेस्ट ओझार्क तेवीस. चेंडू ओझार्ककडे, चार प्रयत्नांतला तिसरा, नऊ सेकंद शिल्लक. ते किक मारून तीन गुण घेऊ शकले असते, पण तिथून अंतर बासष्ट यार्ड. त्यांच्या किकरची झेप पन्नाशीच्या आतली. म्हणून त्यांनी लांब पास टाकला. चेंडू दोघांच्या बोटांना लागून जमिनीवर पडला, आणि फलकावर शून्य दिसलं.

"संपलं! संपलं रे!" लॅव्हेल ओरडला. तो ब्रॅन्सनचा खोलीतला सोबती. "उचल, उचल!"

जिंकलेल्या कोचच्या डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतायची, हा रिवाज. कोचनेही तो पाळायचा असतो. पळाल्यासारखं करायचं, हात हलवायचे, नको नको म्हणायचं. ब्रॅन्सनने एका बाजूने नारिंगी बादली धरली, लॅव्हेलने दुसऱ्या. रेनफ्रो पंचाकडे धावत मैदानात शिरत होते.

"नको! ब्रॅन्सन, थांब! थांब रे, अजून वेळ आहे!"

"काय नाटकं करता, कोच!" ब्रॅन्सन हसत सुटला. इतका आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता. "भिजायचं म्हणजे भिजायचं!"

आणि सगळी बादली ओतली. पाठोपाठ वीस-पंचवीस पोरं मैदानात घुसली.

पंचाने हात वर केला. न झेललेला पास जमिनीला लागला की घड्याळ थांबतं, आणि तेव्हा दोन सेकंद बाकी होते. घड्याळ दोनवर आलं. मग पिवळं फडकं पडलं: सामना संपला नसताना मैदानात घुसल्याबद्दल पंधरा यार्डांचा दंड. बासष्टचे सत्तेचाळीस झाले.

रेनफ्रो कुडकुडत हेडसेटवर बोलायचा प्रयत्न करत होते. त्यात पाणी गेलं होतं, वर बसून खेळ पाहणाऱ्या साहाय्यकांना काहीच ऐकू जात नव्हतं. शेवटी ते हातवारे करून बचावाच्या पोरांना ओरडून सांगू लागले. कुणाला समजलं, कुणाला नाही. किक सरळ गेली. सव्वीस-चोवीस.

नंतर पत्रकारांच्या खोलीच्या दारात ब्रॅन्सन उभा राहिला. आत कोणीतरी विचारलं, बादली कुणाची कल्पना?

"माझी," रेनफ्रो म्हणाले. अंगावर कुणाचं तरी कोरडं जाकीट होतं. "पास पडला की ओता, असं मीच सांगून ठेवलं होतं. पोरांचा काही दोष नाही."

मागे भिंतीशी उभ्या असलेल्या पिटमन बाई हे ऐकून फोन काढत बाहेर पडल्या. ब्रॅन्सनला वाटलं धावत आत जावं, ओरडून खरं सांगावं. पण तो दारातच उभा राहिला. लाज वाटत होती आणि भीतीही, आणि त्या भीतीची आणखी लाज.

रेनफ्रो बाहेर आले तेव्हा बोळात दोघंच होते.

"तुम्ही खोटं का बोललात?"

"तुझं नाव उद्या देशभर फिरलं असतं. तू बावीस वर्षांचा आहेस."

"कोच, मला माफ करा. मला वाटलं तुम्ही गंमत..."

"माहीत आहे तुला काय वाटलं ते." रेनफ्रोंनी भिंतीला हात टेकला. "आत तुझ्यासाठी खोटं बोलता आलं. इथे तुझ्याशी खोटं नाही बोलवत, पोरा. माफ केलं म्हटलं तर ते खोटंच होईल."

ब्रॅन्सन रडू लागला. त्यांनी नेहमीसारखा खांद्यावर हात ठेवला नाही.

"मी ओरडत होतो आणि तू हसत होतास. डोळे मिटले की तेवढंच दिसतंय."

"मी फोन करीन. रोज करीन."

"करू नकोस. मला जमेल तेव्हा मीच करीन."

वसंतात लॅव्हेलकडून कळलं की रेनफ्रो ओक्लाहोमातल्या एका लहानशा शाळेत पोरांना वाहन चालवायला शिकवतात. ब्रॅन्सनने नंबर बदलायचं टाळलं, दोन गावं बदलली तरी. फोन आला नाही.