गार पिशवीची साक्ष

मी एक जुनी, लाल रबराची शेकायची पिशवी आहे. अंगावर उभ्या रेघा, गळ्याशी फिरकीचं बूच. दुकानात असताना वाटायचं, ज्या घरी जाईन तिथं माझं कौतुक होईल. मित्रांनो, कौतुक राहिलं बाजूला. माझा साक्षीदार केला गेला, तोही खोटा.

माझी मालकीण गणवेशांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. महिन्यातले काही दिवस तिच्या ओटीपोटात असं पिळवटायचं की मला ॲप्रनखाली बांधून ती मशीनवर बसे. देखरेखीवरची बाई सगळ्यांदेखत म्हणे, "आल्या महाराणी शेकत! आम्ही काय बायका नाही?"

घरी थोरल्या नणंदेची पद्धत वेगळी. ती मालकिणीला काही विचारतच नसे. येऊन मला चाचपे. मी गरम असले तर, "असेल दुखत." कोमट असले तर, "ऊठ, भांडी पडलीत." नवरा हसायचा, "ताईचा थर्मामीटर चुकत नाही हं!"

अशी आठ वर्षं गेली. शेवटी मालकीणच मला पोटाशी धरून पुटपुटू लागली, "खरंच नाटक करते का गं मी?" मला तोंड आहे, पण ते पाणी भरण्यापुरतंच. याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

एके दुपारी कळ अशी आली की पाणी तापवायलाही तिला उठवेना. ती न्हाणीघराच्या फरशीवर पडून राहिली. मी खुंटीवर रिकामी होते. तिला ओलांडून नणंदेनं मला हात लावला. "गार आहे. ढोंग नुसतं!"

तासाभरानं शेजारणीनं तिला दवाखान्यात नेलं. सोबत मलाही घेतलं. तपासण्या झाल्या, दुर्बिणीतून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं, चिकटतं, छळतं. मालकिणीनं एकच विचारलं, "म्हणजे मी खोटी नव्हते ना?" आणि ती हुंदके देऊन रडली.

घरी आल्यावर नणंद मला काठोकाठ भरून घेऊन आली. "अगं, आधी सांगायचंस ना!"

"सांगत होते, ताई. तुम्ही पिशवीला विचारत होतात."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. चिरले की खुशाल फेका. पण घरात कुणी 'दुखतंय' म्हणाली, तर तिच्याजवळ बसून तिचं ऐका. तेवढंही जमणार नसेल, तर मला हात लावू नका.