वाकड्या झाडावरची धाकटी

“बाबा, तुमचे सासरेबुवा उजव्या हाताला बसलेत. वारुळाला टेकून. जांभया देतायत,” मी वायरलेसवर म्हटलं.

“दिसले, दिसले,” पलीकडून आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरचा, सगळ्यांच्या बाबा ग्वांडूंचा, खर्जातला आवाज आला. “जेवण झालं असेल तर जरा उठून दाखवा म्हणावं. माणसं लांबून आलीयत.”

मी आरशात पाहिलं. मागून येणारी बाबांची गाडी थांबली, उघड्या छपरातून तीन डोकी वर आली आणि तिन्ही उजवीकडे वळली. सिंह दिसला. सुटले एकदाचे, म्हणून मी श्वास सोडला.

सिंहाला आम्ही सासरेबुवा म्हणतो. आमच्या भाषेतला शब्द सिंबा, पण तो म्हणायची सोय राहिलेली नाही. पाहुणे तो घरूनच शिकून येतात आणि वायरलेसवर ऐकला की गाडीत नाचायला लागतात. आपण पोचेपर्यंत सिंह निघून गेला असेल तर मग दिवसभर त्यांची तोंडं बघवत नाहीत. म्हणून आम्हा ड्रायव्हरांची ही घरगुती भाषा. हत्ती म्हणजे वऱ्हाडी. गेंडा म्हणजे हेडमास्तर. आणि बिबट्या म्हणजे धाकटी, कारण ती बया शोधायला जावं तेव्हा कधी सापडायची नाही. पाहुण्यांना वाटतं, आम्ही घरच्या कटकटी बोलतोय. आमचा सैतोती ड्रायव्हर एकदा सासरेबुवांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत शिव्या देत होता, तर उतरताना एका बाईंनी त्याला विचारलं, “तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना?”

ही भाषा पाहुण्यांपासून लपवायला केलेली. पण गेल्या दोन पावसाळ्यांपासून मी ती बाबांच्या डोळ्यांसाठी वापरत होते, आणि हे आम्हा ड्रायव्हरांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं.

बाबांना समोरचं दिसत नाही. कडेचं दिसतं. “मधोमध कोणीतरी राखेचा हात पुसल्यासारखं आहे बघ,” असं त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारल्यावर. म्हणून ते काही बघायचं झालं की मान भलतीकडे वळवतात. आमच्याकडच्या मोशी शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार, याला औषध नाही. बाबा तिथून बाहेर पडले, आंबा विकत घेऊन खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे घेऊन निघाले.

मी भांडले. माझं तोंड काही कमी नाही. “बाबा, तुम्ही माणसं मारणार कुणाची तरी,” इथपर्यंत बोलले. त्यावर ते म्हणाले, “पोरी, घरी बसून काय करू? कोंबड्या बघू? त्यासुद्धा दिसत नाहीत.” बायको जाऊन त्यांना बरीच वर्षं झालेली. मग मीच अट घातली. माझ्या गाडीबरोबर निघायचं, डांबरी रस्त्यावर माझ्या मागच्या दिव्यांवरून नजर हलवायची नाही आणि उद्यानात मुंगीच्या पावलानं चालवायचं. आरुषा शहर सोडल्यापासून परत येईपर्यंत माझा अर्धा जीव आरशात. पण करता काय? बायकांना कोणी किल्लीला हात लावू देत नव्हतं तेव्हा याच माणसानं मला स्वतःच्या गाडीवर शिकवलेलं. “ए आनांदे, गिअर आहे तो, मक्याची उगाली ढवळायचा कालथा नाही,” असं ओरडून ओरडून शिकवलं.

या खेपेला मात्र त्यांना यायचं नव्हतं. हंगाम संपायच्या आत आपणच किल्ली ठेवून द्यायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात मार्गिट बाईंचं बोलावणं आलं. स्वीडनच्या बाई. फार वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर आल्या होत्या, तेव्हा बाबांनी गाडी चालवली होती. आता नातवंडांना घेऊन येतायत आणि ग्वांडू नसेल तर येणार नाही म्हणतायत. ऑफिसवाले खूश. बाबांनी मान डोलावली.

दुपारी मोठ्या खडकांच्या सावलीत आम्ही डबे उघडले. कोंबडीची तंगडी, उकडलेलं अंडं, केळं. माझे चार पाहुणे एका चटईवर बसले, बाबांचे तिघं दुसऱ्या चटईवर. मार्गिट बाई अंडं सोलता सोलता मला म्हणाल्या, “तुला सांगते, माझा एरिक त्या सहलीत माझ्याशी बोलत नव्हता. भांडलो होतो आम्ही, असेच, टोप्यांवरून. तीन दिवस दोघांची तोंडं दोन दिशांना. मग या ग्वांडूनं नदीकाठी गाडी थांबवली आणि म्हणाला, आता श्वास घेऊ नका. वर बिबट्या. एरिकनं माझा हात धरला तो परत सोडलाच नाही.”

“आजी ही गोष्ट रोज सांगते,” नातू योनास हसून म्हणाला.

“रोज सांगणार. तुझा आजोबा होता तो.” मग त्या बाबांकडे वळल्या. “ग्वांडू, मला बाकी काही नको. तुझ्याबरोबर एक बिबट्या बघायचाय. नाही दिसला तर नाही दिसला.”

“दिसेल,” बाबा म्हणाले.

मी त्यांना खडकामागे गाठलं. “दिसेल काय दिसेल? हे काय बोलून बसलात?”

“धाकटी आज मी शोधणार. मी. तू मध्ये तोंड घालायचं नाहीस.”

“आणि कशानं शोधणार? नाकानं?”

“आनांदे.” एवढंच म्हणाले. मग गाडीच्या दाराला हात लावत लावत पुढं गेले आणि थांबले. “दोन वर्षं तू मला घास भरवतेस. मी खातो. आज त्या बाईला तरी मला माझ्या हातानं वाढू दे.”

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा सैतोती वायरलेसवर बोलला. धाकटी नदीच्या वळणावर, वाकड्या झाडावर; कुठल्या बेचक्यात, कशी झोपलीय, सगळं सांगितलं. पिवळ्या खोडाचं ते झाड आम्हा सगळ्यांना पाठ आहे. बाबांना तर डोळे मिटून सापडेल. तोंड घालायचं नाही असं बजावलेलं असूनही मी बटण दाबलं.

“बाबा, धाकटी वाकड्या झाडावर. दुसऱ्या बेचक्यात, पाण्याच्या अंगाला. शेपटी खाली सोडून झोपलीय.”

“ऐकलं,” ते म्हणाले. “आता बास.” आणि खट्‌ आवाज आला. त्यांनी वायरलेस बंद करून टाकला.

झाडाशी गर्दी नको म्हणून मी नदीला मिळणाऱ्या ओढ्याच्या अलीकडच्या वाटेनं गेले आणि समोर थांबले. मधे कोरडा ओढा आणि पलीकडे झाड. धाकटी होती. काय सांगू, अशी आरामात पसरली होती की माझे पाहुणे पुटपुटायचंही विसरले. लांबून, वळणावरून, बाबांची गाडी धुरळा न उडवता येताना दिसत होती. मी मनात म्हटलं, थांब गं बाई, एवढी दोन मिनिटं थांब, तुझ्या पाया पडते.

ती उठली. अंग ताणलं, एक नजर माझ्या गाडीवर टाकली, आणि खोडावरून सरसर उतरून उंच गवतात गेली. कान दिसले, मग तेही दिसेनात. बेचक्याजवळ मोडक्या फांदीचा एक काळपट खुंट तेवढा राहिला.

मी बटण दाबलं. “बाबा. बाबा, धाकटी गेली. ऐकताय का?” नुसती खरखर. पुन्हा दाबलं. पुन्हा खरखर. खाली उतरायला बंदी, हॉर्न वाजवायला बंदी. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, तेवढंच अंतर होतं मधे. पण हाक काय म्हणून मारणार? बाबा, झाड रिकामं आहे, असं त्यांच्या पाहुण्यांसमोर ओरडून सांगू? मी ते बटण दाबून दाबून अंगठा दुखवून घेतला आणि बघत बसले.

बाबांची गाडी बरोबर झाडापाशी थांबली. इंजिन बंद झालं. सगळीकडे इतकं शांत होतं की ओढ्यापलीकडचा शब्दन्‌शब्द मला ऐकू येत होता.

“आता श्वास घेऊ नका,” बाबा म्हणाले.

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, झाडाकडे. मान मात्र माझ्याकडे वळवलेली, कडेनं बघायला. त्यामुळं त्यांचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. असा चेहरा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता.

“दुसरं बेचकं. पाण्याच्या अंगाला. मलाही दिसतोय,” ते म्हणाले, आणि त्या ‘मलाही’वर त्यांचा आवाज चिरकला. “झोपलाय. सावकाश बघा. घाई नाही त्याला.”

त्यांना तो खुंट दिसत होता.

छपरातली दोन तरुण डोकी इकडे तिकडे वळली. योनासनं दुर्बीण लावली, काढली, परत लावली. “पण तिथे तर...” त्यानं तोंड उघडलं आणि मार्गिट बाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. जोरात ठेवला असावा, कारण तो पुढं बोललाच नाही. मग त्या म्हाताऱ्या बाई मान वर करून त्या रिकाम्या फांदीकडे बघत राहिल्या. माझ्या गाडीतलंही कोणी हललं नाही.

“दिसला, ग्वांडू,” त्या म्हणाल्या. “सुंदर आहे.”

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

संध्याकाळी कॅम्पच्या मागं आम्ही गाड्या धूत होतो. बाबा बादलीत फडकं पिळत होते. सैतोती येऊन म्हणाला, “काय बाबा, धाकटीनं दर्शन दिलं म्हणे!” झाड रिकामं होतं, हे त्याला माहीत नव्हतं. बाबा हसले. “द्यावंच लागतं. जुनी ओळख आहे.” सैतोती त्यांची पाठ थोपटून उगाली वाढून घ्यायला गेला. मग आम्ही दोघंच राहिलो.

“तू ओढ्यापलीकडे होतीस ना?”

“हो.”

“तुला दिसली?”

“दिसली की,” मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

“मी आलो तेव्हा?”

मी टायरला पाणी मारत राहिले. “हो, बाबा. चांगली ऐसपैस झोपली होती.”

ते बराच वेळ एकच दार पुसत होते. ते दार केव्हाच स्वच्छ झालं होतं.

“एकही कॅमेरा वाजला नाही गं,” ते म्हणाले.

माझा हात थांबला.

“आयुष्य गेलं माझं यात. धाकटी समोर आली की मागून पाऊस पडतो कॅमेऱ्यांचा. पाहुण्यांना थांब म्हटलं तरी थांबवत नाही. आज एक नाही. मी म्हटलं, नुसते बघत असतील. मग बाई म्हणाल्या, सुंदर.” फडकं त्यांनी बादलीच्या काठावर नीट वाळत घातल्यासारखं ठेवलं. “कुठं होती ती?”

“उतरून गेली, बाबा. तुम्ही वळणावर होतात. मी हाका मारत होते वायरलेसवर, तुम्ही...”

“हो. मीच बंद केला.”

मला वाटलं होतं, ते चिडतील, मला बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली, माझा हात चाचपून शोधला आणि किल्ली तळव्यावर ठेवली. “क्लच जरा वर लागतो हिचा,” म्हणाले. “दुसऱ्यात टाकताना जबरदस्ती करू नको.”

“बाबा, उद्याचा एकच तर दिवस आहे. मी पुढं असते ना, नेहमीसारखी.”

“नको, पोरी.”

सकाळी माझी गाडी कॅम्पच्या सामानाच्या गाडीचा ड्रायव्हर घेऊन निघाला आणि मी बाबांच्या गाडीवर बसले. बाबा माझ्या शेजारी बसायला निघाले, तर मार्गिट बाईंनी मागचं दार उघडून धरलं. “इकडे ये, ग्वांडू. माझ्याजवळ जागा आहे.” बाबा घुटमळले. आजवर त्या सीटवर ते कधी बसले नव्हते. मग टोपी काढून, अंग चोरून, परक्या घरी बसावं तसे बसले.

ड्रायव्हर का बदलला, हे कोणी विचारलं नाही. योनासनं बाबांच्या पायाखालची कॅमेऱ्याची बॅग उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. क्लच खरंच वर लागत होता. मी पहिला गिअर करकरवला आणि मागून ओरडा येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही.

फाटकाच्या अलीकडे डावीकडे हत्ती निघाले. सवयीनं माझा हात वायरलेसकडे गेला. बाबा, वऱ्हाडी डाव्या हाताला, असं ओठावर आलेलं. ऐकणारा माझ्या मागंच बसला होता. मी हात परत स्टिअरिंगवर ठेवला आणि गाडी थांबवली.

“डावीकडे हत्ती आहेत, ग्वांडू,” मार्गिट बाई हळूच म्हणाल्या. “अगदी जवळ. एक पिल्लू आहे, आईच्या पोटाखाली उभं आहे.”

मी आरशात पाहिलं. बाबांनी मान तिरकी केली नाही. पाहुणे वळवतात तसा सबंध चेहरा हत्तींकडे वळवला, सरळ, जिकडून त्यांना काहीच दिसत नव्हतं तिकडे. टोपी मांडीवर धरली होती.

“सुंदर आहे,” ते म्हणाले.