खालच्या हॉलमधली कल्याणी

कॉम्प्युटरच्या सामानासाठी रिची स्ट्रीटला जायचं तर दुकानं उघडता उघडता जावं, नंतर तिथे मुंगी शिरायला जागा नसते. हे मी वेदवल्लीला दहादा बजावलं होतं. तरी ती जेवण, डुलकी आणि कॉफी उरकून भर गर्दीच्या वेळी निघाली, आणि वर मलाच म्हणते, "राव मामी, जरा पाय उचल की. तुझ्यामुळे उशीर होतोय."

वेदवल्लीशी माझी मैत्री जुनी, म्हणून हे सगळं मी ऐकून घेते. आमच्या इमारतीत ती पहिल्या मजल्यावर राहते, तळमजल्यावरच्या हॉलच्या बरोबर डोक्यावर. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. कोणाची तार कोणाला जोडायची यात तिची कधी चूक झाली नाही, असं तीच सांगते, आणि खरंच असावं, कारण बढाया मारण्याइतका दम तिच्यात नाही. नवरा सौरिराजन भला माणूस आहे, पण समोरची वस्तू त्याला बायकोला हाक मारल्याशिवाय दिसत नाही.

तर गोष्ट अशी होती की वेदवल्ली गाणं शिकत होती, चोरून. काही वर्षांपूर्वी नवरात्रात आमच्याकडे ती गोलूच्या पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या बघायला आली होती. बाहुल्यांसमोर एक तरी गाणं म्हटल्याशिवाय कुंकू देत नाहीत, तेव्हा तिनं म्हटलं. खुर्चीत चंपकम टीचर बसल्या होत्या. शाळेत चाळीस वर्षं संगीत शिकवलेली बाई, जिभेला हाड नाही. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "आवाज ट्रंक कॉलसारखा आहे. फार लांबून येतो." बायका हसल्या, मीही हसले. वेदवल्ली पण हसली, आणि त्यानंतर तिनं चारचौघांत तोंड उघडलं नाही.

मार्गळी महिना लागला की आमच्या हॉलमध्ये पहाटे भजन असतं. भोगीला, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ज्यांना हवं त्या बायकांनी एकटीनं एकेक पद म्हणायचं. दरवर्षी वेदवल्ली त्या दिवशी सगळ्यांच्या चपला राखत दाराशी बसते. यंदा मात्र तिला नाव द्यायचं होतं. दोन वर्षं ती कॉम्प्युटरवर एका मास्तरांकडून शिकली होती, नवरा वाचनालयात गेला की. प्रश्न एवढाच होता की गाणं खरंच जमतंय का, हे तिला कोणी सांगत नव्हतं.

"मास्तर तर 'फार छान मामी' म्हणतात," मी म्हणाले.

"ते सगळ्यांनाच म्हणतात. समोर म्हैस हंबरली तरी म्हणतील."

"मग मी सांगते, छान गातेस."

"तुला काय कळतं? तू प्रेशर कुकरच्या शिटीलाही मान डोलावतेस."

हे खरं आहे. म्हणून तिनं ठरवलं होतं की स्वतःचं गाणं स्वतःच परक्यासारखं ऐकायचं. आवाज टिपायचं एक छोटं यंत्र मुलानं दिलं होतं, पण त्यातून ऐकलं तर डास गुणगुणल्यासारखं वाटे. फोनवर काही ठेवायची सोय नव्हती, कारण तिचा फोन सौरिराजनच जास्त वापरतो. घरातला कॉम्प्युटर जुना. त्याला कार्ड घालायला खाच नाही, आणि लेकीनं दिलेला बिनवायरचा हेडफोन त्याला ओळखतच नाही. शुक्रवारपर्यंत नाव द्यायचं होतं, म्हणून ही धावपळ.

दुकानात सेल्वराणी नावाची बाई होती. केसात मोगरा, कानाला फोन, आणि एका हातानं तिसऱ्याच गिऱ्हाइकाला माल देणं चालू. वेदवल्लीनं यंत्रातलं नखाएवढं कार्ड काढून तिच्या पुढ्यात धरलं.

"हे आधी या मोठ्या कव्हरात बसवायचं," सेल्वराणी म्हणाली. "कव्हराच्या कडेला बारीक खटका आहे बघा. तो खाली केला की कार्डाला कुलूप लागतं. ऐकता येतं, पुसता येत नाही. मग हे कव्हर या रीडरमध्ये, आणि रीडर कॉम्प्युटरच्या पुढच्या खाचेत."

"पुढच्याच का?"

"मागे वाकायला गुडघे चालतात का अम्मा? चालत असतील तर मागे लावा. आणि एक लक्षात ठेवा. कॉम्प्युटरनं कधी 'फॉरमॅट करू का' विचारलं तर नाही म्हणायचं. घरचा माणूस 'ही जुनी भांडी देऊन टाकू का' विचारतो तेव्हा म्हणता ना, तसं. हो म्हटलं की गेलं सगळं."

मग तिनं हेडफोनसाठी ब्लूटूथचा तुकडा काढला, चिंचोक्याएवढा. वेदवल्लीला वाटलं एवढ्याशा वस्तूत काय असणार. तेवढ्यात सेल्वराणीनं दुसरा काढला, त्याला बोटभर शेंडी होती.

"हा घ्या. साधा खोलीपुरता चालतो. हा स्लॅब फोडून जातो."

"मला स्लॅब कशाला फोडायचाय?"

"स्वयंपाक करता करता ऐकाल की. लावला की हेडफोनचं बटण दाबून धरायचं, लाल आणि निळा दिवा आळीपाळीनं लागेपर्यंत. म्हणजे त्यानं हात वर केला. मग कॉम्प्युटरच्या यादीत त्याचं नाव दिसेल, त्यावर टिचकी मारायची. हात वर केल्याशिवाय तो दिसणार नाही, मग मला शिव्या द्यायच्या नाहीत."

वेदवल्लीनं शेंडीवाला घेतला. परतताना बसमध्ये तिनं पिशवी मांडीवर अशी धरली होती की जणू आत अंडी आहेत.

गुरुवारी पहाटे भजनाला मी वेळेवर पोचले, नेहमीसारखी कुरकुरत. प्रसादाच्या पोंगलची, म्हणजे मूगडाळीच्या खिचडीची, पाळी वेदवल्लीची होती, त्यामुळे ती वर होती. सौरिराजन खाली, पहिल्या रांगेत, मफलर गुंडाळून. चंपकम टीचर आपल्या खुर्चीत. आमचे सेक्रेटरी पिच्चुमणी रोज फोनवरून स्पीकरला तंबोरा लावून देतात. त्या दिवशी त्यांनी स्पीकर चालू केला आणि फुलं आणायची राहिली म्हणून फोन खिशात घालून कोपऱ्यावर गेले. स्पीकर आपला निळा दिवा लुकलुकवत वाट बघत बसला.

आणि मग त्यातून कोणीतरी गायला लागलं.

आधी अगदी हळू. मला वाटलं पिच्चुमणींनी कुठली तरी मैफल लावली. मग आवाज एकदम मोठा झाला, मग आणखी मोठा, खिडकीच्या काचा थरथरल्या. कल्याणी रागातलं पद होतं. मला राग कळत नाही, पण ते पद मला पाठ होतं, कारण माझ्याच स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता ते शंभरदा गुणगुणलं गेलं होतं.

काय झालं असणार ते माझ्या लगेच ध्यानात आलं. बाईसाहेबांनी हेडफोन नुसता कानाला लावला, बटण काही दाबून धरलं नाही. यादीत एकच नाव दिसलं, आमच्या स्पीकरचं, त्यावर टिचकी मारली. कानात काहीच येईना म्हणून आवाज वाढवत सुटली. आणि तो शेंडीवाला तुकडा सेल्वराणीनं सांगितल्याप्रमाणे स्लॅब फोडून आमच्या हॉलमध्ये आला होता.

मी स्पीकर बंद करायला उठले. तिचं गाणं पुन्हा हसण्यावारी गेलं तर ती या जन्मात गायची नाही, हे मला ठाऊक होतं.

"बसा राव मामी," चंपकम टीचर म्हणाल्या. डोळे मिटलेले, बोटं मांडीवर ताल धरून.

मी बसले.

पिच्चुमणी फुलं घेऊन दारात आले. "हे मी लावलेलं नाही हो," ते म्हणाले.

"कोण आहे ही?" टीचरनी डोळे न उघडता विचारलं. "वरच्या सा ला जायची घाई करते. पण गाते."

"रेडिओवरची असेल," सौरिराजन म्हणाला. तोही मान हलवत होता. "आमच्या हिला ऐकवायला पाहिजे होतं. ती खाली यायला हवी होती."

एवढ्यात स्पीकरमधलं गाणं मधेच थांबलं, आणि त्यातून सौरिराजनचाच आवाज हॉलभर घुमला, न्हाणीघरातून आल्यासारखा. "वेदा, टॉवेल!"

मग वेदवल्लीचा. "दोरीवर आहे. रोज तिथेच असतो. एक दिवस हात लांब करून बघा."

हॉलमध्ये एकच हशा पिकला. मागच्या रांगेतल्या दोघी एकमेकींच्या अंगावर पडल्या. सौरिराजननं मफलर नाकापर्यंत ओढला. मला हसावं की रडावं कळेना. मला वाटलं, संपलं, आता टॉवेलवाली म्हणून नाव पडणार.

"गप्प बसा," चंपकम टीचर म्हणाल्या. त्यांनी डोळे उघडले होते. "ऐकलंत का?"

"टॉवेल ना," कोणीतरी म्हणालं.

"टॉवेल नव्हे. भांडून परत आली ती कुठे आली ते ऐका."

स्पीकरमधून गाणं पुढे चाललं होतं. टीचर खुर्चीतून पुढे वाकल्या. "जिथे सोडलं होतं, नेमकी त्याच सुरावर आली. तंबोरा नाही, साथ नाही, मधे नवरा ओरडतोय. केसभर इकडेतिकडे नाही. माझ्या शाळेत चाळीस वर्षांत अशा दोन मुली झाल्या."

नंतर कोणी हसलं नाही. पद पूर्ण झालं आणि स्पीकर गप्प झाला. बाहेर दूधवाल्याची घंटा ऐकू येत होती.

थोड्या वेळानं वेदवल्ली पोंगलचं पातेलं दोन्ही हातांनी धरून, पदर खोचून जिना उतरली. दारात मी होते. माझ्या कानाशी पुटपुटली, "सगळं फुकट गेलं. त्या कार्डात एक अक्षर नाही. कान फुटेल एवढा आवाज वाढवला, ढिम्म. आज त्या सेल्वराणीला जाऊन विचारते. आणि पिच्चुमणींना सांग, माझं नाव नको."

मग तिनं वर पाहिलं. अख्खा हॉल तिच्याकडे बघत होता.

"काय झालं?" ती म्हणाली. "मीठ जास्त झालंय का?"

सौरिराजन उठला. इतकं संकोचलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तिच्या हातातलं पातेलं त्यानं घेतलं आणि म्हणाला, "टॉवेल दोरीवर असतो. लक्षात आलं माझ्या."

वेदवल्लीनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या स्पीकरकडे, मग त्याच्यावर लागून राहिलेल्या निळ्या दिव्याकडे. तीस वर्षं तारा जोडल्या होत्या तिनं, तिला समजायला वेळ लागला नाही. चेहरा पांढराफटक पडला.

"राँग नंबर लागला," ती इतकंच म्हणाली.

"बरोबर लागला," चंपकम टीचर म्हणाल्या. "इकडे ये. वरच्या सा ला घाई कशाला करतेस? तो कुठे पळून चाललाय? रोज संध्याकाळी माझ्याकडे यायचं, भोगीपर्यंत."

वेदवल्ली जागची हलली नाही. "टीचर, तुम्ही म्हणाला होतात, माझा आवाज ट्रंक कॉलसारखा आहे."

हॉलमध्ये कोणाला ते आठवत नव्हतं. टीचरना आठवत होतं.

"अजूनही लांबूनच येतो," त्या म्हणाल्या. "पण आता पोचतो."

वेदवल्ली रडली नाही. ती पोंगल वाढायला लागली, आणि टीचरच्या द्रोणात तुपातले काजू जरा जास्तच पडले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला नेहमीचे दोनच मिळाले. पण त्या दिवशी मला इतकं बरं वाटत होतं की मी तक्रार केली नाही.

भोगीला ती गायली. चपला राखायला दाराशी मी बसले, कोणीतरी बसायला हवंच. तिथून मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज नीट येत होता. पहिल्या रांगेत सौरिराजन बसला होता, नवीकोरी जरीकाठी वेष्टी नेसून, आणि खांद्यावर स्वतःच शोधून आणलेला टॉवेल टाकून.